खरेदीखतात झाडाची नोंद हवी

जळगाव आणि धुळे या शहरांतल्या जुन्या बंगल्यांच्या वसाहतींमध्ये सध्या एक पिढी मागे सरते आहे. काही दशकांपूर्वी सरकारी नोकर, प्राध्यापक, वकील, डॉक्टर आणि गावाकडची शेती सांभाळून शहरात आलेली कुटुंबे यांनी तेव्हाच्या शहराच्या कडेला, बिगरशेती झालेल्या ले-आउटमध्ये प्लॉट घेतले, बेताची घरे बांधली आणि कुंपणाच्या आतबाहेर कडुनिंब, करंज, आंबा, बदाम, गुलमोहर लावले. जळगावात महाबळ, गणपतीनगर, आदर्शनगर या बाजूला आणि धुळ्यात पांझरा नदीपलीकडच्या देवपुरात अशा गल्ल्या आजही आहेत. झाडे लावणाऱ्यांपैकी बरेच जण आता हयात नाहीत, त्यांची मुले पुण्या-मुंबईत किंवा परदेशात स्थिरावली आहेत, आणि एकामागून एक घरे विक्रीला निघत आहेत. त्याच सुमारास त्या झाडांपैकी अनेकांनी पन्नाशी गाठली आहे. घरांची मालकी बदलण्याचा काळ आणि झाडे पूर्ण वाढीला येण्याचा काळ असा एकत्र आल्यामुळे, या वसाहतींची सावली टिकणार की जाणार याचा निर्णय महापालिकेच्या सभागृहापेक्षा खरेदीखते नोंदवणाऱ्या दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात अधिक होणार आहे.

म्हणूनच माझे मत असे आहे की घराच्या खरेदी-विक्रीच्या कागदात झाडाला स्वतंत्र नोंद आणि स्वतंत्र मूल्य मिळाले पाहिजे, आणि ते बयाणा देण्याच्या आधी मिळाले पाहिजे. व्यवहार पूर्ण झाल्यावर झाडाचा विषय निघतो तेव्हा तो वृक्षतोडीच्या परवानगीचा अर्ज म्हणूनच निघतो, आणि तोवर सगळे आकडे झाडाच्या विरोधात मांडून झालेले असतात.

व्यवहार कसा होतो ते पाहू. अशा वसाहतीतल्या घराची जाहिरात करताना मध्यस्थ पहिल्या ओळीत ‘शांत, हिरवागार परिसर’ असे लिहितो. गिऱ्हाईक संध्याकाळी घर पाहायला येते, गल्लीत शिरताच उकाडा कमी झाल्याचे त्याला जाणवते, आणि शेजारच्या सिमेंटच्या नव्या वसाहतीपेक्षा जास्त दर द्यायला ते तयार होते. इथवर झाड व्यवहारात हजर असते. त्यानंतर इसार ठरतो, साठेखत होते, तीस वर्षांचा शोध अहवाल निघतो, मिळकत पत्रिकेवरची नावे तपासली जातात, रेडी रेकनरप्रमाणे मूल्यांकन होते, मुद्रांक शुल्क भरले जाते, एक टक्का आणि कमाल ३०,००० रुपये अशी नोंदणी फी जमा होते, आणि या साऱ्या प्रवासात झाड कुठेही येत नाही. मूल्यांकनात जमिनीचा दर असतो, बांधकामाचा दर असतो, बांधकामाच्या वयानुसार घसारा असतो. पन्नास वर्षांच्या घराचा घसारा मोठा असल्याने इमारतीची किंमत बरीच खाली येते, जमिनीचा भाव चढलेला असतो, आणि अंगणातल्या कडुनिंबाची किंमत शून्य धरली जाते. आपल्याकडच्या खरेदीखतांत ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह’ मिळकत दिल्याचे परंपरेने लिहिले जाते. पण त्या तरूंची संख्या किती, जात कोणती, जागा कुठे, हे एका ओळीनेही कोणी नोंदवत नाही. चतुःसीमा मात्र इंचापर्यंत मोजली जाते.

या शून्य किमतीचा परिणाम गणिताने समजून घ्यावा लागेल, कारण घर घेणारा माणूस झाडाचा शत्रू असतो म्हणून झाडे जात नाहीत. राज्याची एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर २०२० पासून लागू झाली. तिच्यानुसार जळगाव-धुळ्यासारख्या महापालिकांच्या विरळ वस्तीच्या भागात मूळ एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण, १.१ आहे आणि निवासी बांधकामाला त्यावर ६० टक्क्यांपर्यंत पूरक क्षेत्र अधिमूल्य भरून मिळते. म्हणजे ३,००० चौरस फुटांच्या प्लॉटवर ३,३०० आणि पूरक क्षेत्र धरून ५,२८० चौरस फूट बांधकाम होऊ शकते. रस्त्याच्या रुंदीप्रमाणे मिळणारा अधिमूल्याचा एफएसआय आणि टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेवरचा विकत घेतलेला हस्तांतरणीय विकास हक्क, त्याहून वेगळा. त्याच प्लॉटवरचे जुने घर बहुधा हजार-बाराशे फुटांचे असते. विकणाऱ्या भावंडांना हा आकडा माहीत असतो, मध्यस्थाला माहीत असतो, घेणाऱ्याला तर असतोच, आणि म्हणून भाव घराचा न ठरता उद्या उभ्या राहणाऱ्या इमारतीचा ठरतो. इतका भाव मोजल्यावर खाली गाड्यांसाठी मोकळा तळमजला, चारही बाजूंनी पेव्हर ब्लॉक आणि कडेच्या सामासिक अंतरात टाकी व बोअर हे सगळे बसवावे लागते. मग दहा-बारा फूट पसरलेली मुळे असलेल्या झाडाला उभे राहायला जागाच राहत नाही. याच विषयावर बोलताना आमच्या भागातल्या एका अनुभवी मध्यस्थाने मला सरळ विचारले होते, “झाडना पैसा कोन देस?” त्याचा प्रश्न रास्त आहे. आजच्या पद्धतीत झाडाचे पैसे कोणीच देत नाही. ते काढल्याचे पैसे मात्र सर्वांना मिळतात.

पण या किमतीत एक चूक आहे. गल्लीतल्या ज्या गारव्यासाठी गिऱ्हाईक जास्त दर मोजते, तो गारवा विकणाऱ्याने एकट्याने तयार केलेला नसतो. वीस घरांनी चाळीस-पन्नास वर्षे झाडे वाढवली, रस्त्यावर पडणारा पाचोळा रोज झाडला, उन्हाळ्यात नळाला एक-दोन दिवसांआड पाणी येत असतानाही आळ्यांत पाणी घातले, आणि त्या सगळ्यांच्या सावल्या एकमेकींना मिळून ती गल्ली झाली. विकणारा हा सगळ्यांचा गारवा आपल्या एका प्लॉटच्या भावात वसूल करतो आणि घेणारा त्या गारव्यातला आपला वाटा काढून टाकतो. पहिल्या इमारतीला फारसे काही वाटत नाही, कारण शेजारची झाडे असतातच. पाचव्या इमारतीनंतर मात्र जाहिरातीतली पहिली ओळ खोटी ठरते आणि उरलेल्या पंधरा घरांच्या मिळकतीतून, त्यांनी काहीही न विकता, काहीतरी कमी होते.

खानदेशात या गोष्टीचे वजन इतर ठिकाणांपेक्षा जास्त आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि त्या दिवसांत दुपारच्या चटक्यापेक्षा रात्रीचा उकाडा म्हाताऱ्या माणसांना अधिक थकवतो, कारण दिवसभर तापलेला स्लॅब आणि सिमेंटचे अंगण उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतात. सावलीतली जमीन मुळात फारशी तापत नाही. कडुनिंबाला चैत्राच्या सुमारास नवी पालवी येते, करंजही त्याच सुमारास हिरवागार होतो, म्हणजे ऊन सर्वांत कडक असते तेव्हाच या झाडांची सावली दाट असते. आपल्या मातीत आणि आपल्या पावसावर वाढलेल्या या झाडांनी ही वेळ साधलेली आहे. एका घराने झाड काढून चार वातानुकूलन यंत्रे बसवली तर त्याची खोली थंड होते, पण यंत्राने बाहेर फेकलेली उष्णता शेजाऱ्याच्या खिडकीशी जाते. मेहरूण तलावाच्या परिसरातल्या बोरांचे नाव एकेकाळी दूरवर होते. त्या बोरांच्या बागांच्या जागी प्लॉट पडत गेले, तेव्हा जळगावकरांनी हळहळ व्यक्त केली. आता पाळी प्लॉटवर नव्याने लावून वाढवलेल्या झाडांची आहे.

झाडाची किंमत ठरवता येत नाही, असे कोणी म्हणेल. शासन स्वतः ती ठरवते. भूसंपादन, पुनर्वसन आणि पुनर्स्थापना यांसंबंधीच्या २०१३ च्या केंद्रीय कायद्याच्या कलम २९ मध्ये जमिनीशी संलग्न झाडांचे मूल्य जाणकारांकडून काढून ते भरपाईत धरण्याची तरतूद आहे. रस्ता, धरण किंवा कालवा यासाठी शेत संपादित होते तेव्हा आंबा, लिंबू, साग, निंब यांची मोजणी होते, वय आणि घेर लिहिला जातो, पंचनामा होतो. शेतकरी आपल्या बांधावरच्या झाडासाठी सुनावणीत भांडतो आणि त्याला ते पैसे मिळतात. बांधावरच्या निंबाला किंमत असेल तर दोन किलोमीटरवरच्या वसाहतीतल्या निंबाला ती नसावी, याला काही कारण मला सापडत नाही. मूल्य काढण्याची पद्धत, ती जाणणारे अधिकारी आणि अनुभव हे सगळे जिल्ह्यात आधीपासून आहे. फक्त ते शहरातल्या मूल्यांकनाच्या तक्त्यापर्यंत आलेले नाही.

काही विक्रेत्यांची इच्छा चांगली असते. आईने लावलेला आंबा राहू द्या, अशी अट घालून घर विकणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांना हे सांगावे लागते की ती अट बहुतेक वेळा टिकणारी नसते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ११ प्रमाणे मिळकत पूर्णपणे दिल्यावर ती कशी वापरावी याबद्दल घातलेले बंधन घेणाऱ्याला झुगारता येते. याला अपवाद आहे तो विकणाऱ्याची दुसरी मिळकत लगत असेल आणि तिच्या उपभोगासाठी ते बंधन घातले असेल तेव्हाचा. अर्धा प्लॉट विकून उरलेल्या अर्ध्यात राहणाऱ्याला सावलीची अट कायद्याच्या आधाराने घालता येईल. सगळे विकून पुण्याला जाणाऱ्याला ती घालता येणे अवघड. म्हणजे ज्यांची घरे आज विक्रीला आहेत त्यांच्यापैकी बहुतेकांच्या हातात सदिच्छेपलीकडे काही नाही. खाजगी करारावर हा प्रश्न सोपवून चालणार नाही, तो सार्वजनिक नियमाचाच प्रश्न आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

नियम मुळीच नाहीत असेही नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ पासून आहे. त्यानुसार वृक्ष प्राधिकरण असते, परवानगीशिवाय खाजगी अंगणातलेही झाड तोडता येत नाही, दर पाच वर्षांनी वृक्षगणना करायची असते, आणि कायद्याने वृक्ष उपकराचीही सोय केली आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याचे बंधन घातले. या दुरुस्तीचे मी स्वागत केले होते आणि आजही करतो. तरीही तिने एक अडचण निर्माण केली आहे, ती बोलून दाखवली पाहिजे. झाड पन्नाशीला आले की मालकाच्या हातून एक अधिकार जातो आणि त्या बदल्यात त्याला काहीही मिळत नाही. घर विकायचे असलेल्या माणसाला आपले झाड वारसा ठरण्याची भीती वाटू लागली, तर तो ते पंचेचाळिसाव्या वर्षीच काढण्याचा विचार करील. साल गोलाकार काढून ठेवणे, मुळाशी छिद्र पाडून रसायन सोडणे, आणि वर्षभराने वाळलेले झाड धोकादायक म्हणून परवानगी मागणे हे प्रकार आपल्या शहरांत अनोळखी नाहीत. जो कायदा झाडाच्या मालकाला फक्त दंड दाखवतो तो रात्रीच्या वेळी निरुपयोगी असतो.

आणखी एक फट आहे. स्थावर संपदा अधिनियमाप्रमाणे प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा सदनिका आठपेक्षा जास्त नसतील, तर महारेराकडे, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाकडे, नोंदणी बंधनकारक नाही. बंगल्याचा एकेरी प्लॉट बहुतेक वेळा या मर्यादेच्या आतच असतो. त्यामुळे जुन्या वसाहतीत घडणारा हा बदल, एका गल्लीत दहा ठिकाणी मिळून एखाद्या मोठ्या संकुलाएवढा झाला, तरी नोंदणीच्या कुठल्याही चाळणीतून जात नाही. २०२३ मध्ये बरखास्त होईपर्यंत राज्य वृक्ष प्राधिकरणाकडे प्रकरण जाण्यासाठीही एका वेळी दोनशे किंवा अधिक झाडे तुटावी लागत. इथे तर दर खरेदीखतामागे तीन किंवा चार झाडे जातात.

सामाईक गोष्टीचा सामाईक नियम खानदेशाला परका वाटण्याचे कारण नाही. पांझरेच्या काठावर शेकडो वर्षे चालत आलेली फड पद्धत हे त्याचे घरचे उदाहरण आहे. बंधाऱ्याचे पाणी ज्या क्षेत्राला मिळे ते फडांत, म्हणजे मोठ्या तुकड्यांत, वाटलेले असे, एका फडात एकच पीक घ्यायचे हे ठरलेले असे, पाणी देणारा पाटकरी आणि राखण करणारा जागल्या सर्वांच्या खर्चाने नेमला जाई. जमीन प्रत्येकाची स्वतःची होती, ती विकताही येई, पण घेणाऱ्याला फडाच्या नियमासकट ती घ्यावी लागे. माझ्या बांधाच्या आत मी काहीही पेरीन, असे म्हणणाऱ्याला त्या पाण्यात वाटा नव्हता. वसाहतीची सावली ही नेमकी तशीच गोष्ट आहे: वेगवेगळ्या मालकीच्या जमिनींवर उभी असलेली, पण एकाने मोडली तर सर्वांची मोडणारी. भुसावळच्या रेल्वे वसाहतीत जुनी मोठी झाडे दिसतात त्याचे एक कारण तिथे क्वार्टरची विक्री होत नाही हे आहे. सगळी घरे सरकारी करणे हा उपाय नाही, म्हणून विक्री होऊनही झाड राहील अशी व्यवस्था आपल्याला उभारावी लागेल.

त्यासाठी पहिली गरज आहे ती मिळकत पत्रिकेवर नोंदीची. महापालिकेच्या वृक्षगणनेत झाडाची जात, घेर आणि ठिकाण मिळतेच. ती माहिती भूमापन क्रमांकाशी जोडून मिळकत पत्रिकेच्या शेऱ्यात आणली, तर शोध अहवाल काढणाऱ्या वकिलाला ती बोजाच्या नोंदीसारखी पहिल्याच दिवशी दिसेल आणि घेणारा डोळे उघडे ठेवून भाव ठरवील. आज घेणाऱ्याचीही फसवणूक होते, हे विसरू नये; संपूर्ण प्लॉट मोकळा होईल या हिशेबाने पैसे मोजल्यावर त्याला परवानगी नाकारली जाते आणि मग तो आडमार्ग शोधतो. दुसरी गरज मोबदल्याची, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची तीच. वारसा यादीतल्या इमारतीच्या मालकाला जे बांधकाम क्षेत्र वापरता येत नाही ते हस्तांतरणीय विकास हक्काच्या रूपाने देण्याची सोय राज्याच्या नियमांत आहे. वारसा वृक्षामुळे जेवढे क्षेत्र सोडावे लागेल तेवढ्यापुरता तोच हक्क द्यावा. मालकाने तो शहराच्या वाढत्या भागातल्या रुंद रस्त्यावरच्या बांधकामासाठी विकावा. मग मध्यस्थाच्या त्या प्रश्नाला रुपयांत उत्तर मिळेल. मुद्रांक शुल्कातली सवलतही अशक्य नाही. महिलांच्या नावे घर घेतल्यास एक टक्का सवलत देण्याचा निर्णय राज्याने २०२१ मध्ये केला, म्हणजे सामाजिक हेतूसाठी शुल्काचा दर हलवता येतो हे आपण मान्य केलेले आहे. झाडासह घर घेऊन ते ठराविक वर्षे राखणाऱ्याला तशी सवलत मिळाली तर तिजोरीवर पडणारा भार फार मोठा असणार नाही.

यावर येणारे काही आक्षेप गंभीर आहेत. झाडे पडतात आणि माणसे जखमी होतात. वळवाच्या वादळात गुलमोहर आणि पेल्टोफोरमच्या फांद्या तुटून तारांवर पडतात हे दर वर्षी दिसते. म्हणून नोंदीत जातीचा आणि प्रकृतीचा विचार असावा, ठिसूळ आणि पोकळ झाड बदलण्याची वाट सोपी असावी, आणि उगीच सगळ्याच झाडांना एका मापाने मोजू नये. शहराला घरे हवी आहेत, हे तर मला पूर्ण मान्य आहे. बारा कुटुंबांना घर देणारी इमारत एका रिकाम्या बंगल्यापेक्षा समाजाच्या अधिक उपयोगाची असते, आणि जुन्या वसाहती जशाच्या तशा गोठवून ठेवाव्यात असे मी म्हणत नाही. एका कोपऱ्यातले झाड सांभाळून, एक मजला वर चढवून, गाड्यांची जागा थोडी वळवून इमारत बांधता येते. वास्तुविशारदाला ते येते, फक्त त्याला तसे सांगणारा कोणी नसतो, कारण तसे केल्याने कोणाचाच फायदा होत नाही.

सगळ्यांत अस्वस्थ करणारा आक्षेप वेगळा आहे. ही सावली मुळात सुखवस्तू लोकांची आहे, जुने जळगाव आणि शनिपेठेतल्या दाट वस्तीत राहणाऱ्याच्या वाट्याला ती कधी आलीच नाही, मग तिच्या रक्षणासाठी सार्वजनिक पैसा का घालायचा, असे विचारले जाते. हा प्रश्न टाळून या विषयावर लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्याला उत्तर द्यायचे तर व्यवहारातूनच द्यावे लागेल. चांगल्या वसाहतीतल्या प्रत्येक पुनर्बांधणीतून महापालिकेला अधिमूल्य मिळते आणि वृक्ष उपकर शहरभरातून मिळू शकतो. या दोन्हींतला ठरलेला हिस्सा जिथे झाडे नाहीत त्या प्रभागांतल्या रस्त्यांवर, शाळांच्या आवारात आणि ले-आउटमधल्या दहा टक्के खुल्या जागांवर खर्च झाला पाहिजे, आणि त्या खर्चाचा हिशेब प्रभागवार जाहीर झाला पाहिजे. त्या खुल्या जागांपैकी कितींवर आज खरोखर झाडे आहेत आणि कितींवर पत्र्याची शेड किंवा सभामंडप उभा आहे, ही पाहणी वृक्षगणनेबरोबरच करता येईल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, महासभेचा एक ठराव पुरेसा आहे.